माहीत नाही, जाऊन पाहणे

सत्यशीलाचा पाय कधी स्थिर नसे. खुर्चीत बसली तरी टाच हलत राही, उभी राहिली तरी आता ही निघणार असेच समोरच्याला वाटे. वसमतजवळच्या एका साखर कारखान्याच्या शेतकी खात्यात ती संगणक चालवीत असे. साल १९९७; जिल्हा अजून परभणीच होता. हिशेब विभागाला नवी यंत्रे आल्यावर त्यांचा जुना संगणक शेतकी खात्याच्या वाट्याला आला, आणि त्याच्यासोबत, नांदेडला बी.एस्सी. करून सहा महिन्यांचा संगणकाचा वर्ग केलेली, सेनगावकडची ही सत्तावीस वर्षांची मुलगी.

तिची आई पंचफुलाबाई तिच्याजवळ वसमतला भाड्याच्या खोलीत राही. मेंढरामागे जन्म गेलेली बाई. रानात बिऱ्हाड टाकताना तिचा एक नेम असे: मीठ, तेल, पीठ, मिरची, सगळे डबे उघडून पाहिल्याशिवाय चूल पेटवायची नाही. लेकीने हा नेम उचलला आणि पुढे तो असा काही वाढवला की आईलाच त्याचा जाच होऊ लागला. सेनगावच्या कनिष्ठ महाविद्यालयातला एक मास्तर पाहायला आला, तेव्हा पोहे संपण्याआधीच सत्यशीलाने विचारले, “लग्नानंतर माझी नोकरी?”

“बघू,” तो म्हणाला.

“आणि आई कुठं राहील?”

“तेही बघू की.”

“मग आज ठरवायचं काय? दोन बघूंची बेरीज किती धरायची?”

पाहुणे गेल्यावर पंचफुलाबाईने बश्या आपटल्या. “शिले, माणूस हाय त्यो, पिठाचा डबा न्हाई झाकण उघडून पाहायला!”

“डब्यात काय आहे ते न बघता चूल पेटवू का मग?” लेक म्हणाली, आणि आईला हसावे की रडावे ते कळेना.

तर अशा मुलीच्या हातून ती चूक झाली, हेच तिला पुढे कित्येक वर्षे खात राहिले.

त्या हंगामात ऊसतोडणीचा क्रम पहिल्यांदाच यंत्राने लावला होता. काम वरवर साधे होते. शेतकऱ्याने उसाची नोंद केली की त्याचे नाव, गाव, उसाची जात आणि लागणीचा महिना यंत्रात जाई. जानेवारी १९९० हा पहिला महिना धरून सत्यशीलाने महिन्यांना ओळीने क्रमांक दिले होते. चालू महिन्याच्या क्रमांकातून लागणीच्या महिन्याचा क्रमांक वजा केला की उसाचे वय निघे, आणि जास्त वयाचा ऊस यादीत वर जाई. वय वीस महिन्यांच्या पुढे निघाले तर तो ऊस कधीच तुटून गेला असणार, जुनी नोंद तेवढी राहिली असणार, म्हणून यंत्र ती नोंद गाळून टाकी. अशी यादी दर आठवड्याला छापली जाई आणि तिच्या हुकमाने तोडणीच्या टोळ्या गावोगाव हलत. यादीत नाव नाही त्याच्या फडात कोयता पडत नसे.

दहा मार्चला सकाळी कचेरीच्या उंबऱ्याशी एक बाई येऊन बसली. पन्नाशीची, चपलांवर धूळ, हातरुमालात बांधलेली नोंदीची पावती.

“तुमचं यंत्र आमच्यावर काहून रुसलं, बाई?”

“कुठल्या तुम्ही?”

“शिरड शहापूरची. रहिमाबी, खाजा मियाची घरवाली. पावणेदोन एकर खोडवा हाय आमचा. टोळी बांधापर्यंत येते अन् वळून जाते. चिटबॉय म्हणतो, यादीत नाव न्हाई. काहून न्हाई? पावती तर हाय ना?”

पावती बरोबर होती. सत्यशीलाने नोंदींची फाईल उघडली. तिथेही रहिमाबी होती. छापील याद्या चाळल्या; नोव्हेंबरपासून मार्चपर्यंत एकाही यादीत ती नव्हती.

“पंचवीस तारखेला कारखान्याचा पट्टा पडून राहिला म्हणतेत, गाळप बंद,” रहिमाबी म्हणाली. “आमच्या हिरीचं पाणी एप्रिल काढत न्हाई. उभा ऊस उन्हाळ्यात टिकायचा न्हाई, बेटी. जळून जाईल. वर त्येंचा मांडीचा हाड मोडलेला, खाटेवर पडून हायेत. माझ्या एकटीच्यानं काय व्हनार?”

“मी बघते, चाची,” सत्यशीला म्हणाली, आणि आपणही ‘बघू’च म्हणालो हे ध्यानात येऊन तिचे कान तापले.

रहिमाबीला बाहेरच्या बाकावर बसवून तिने ती एक नोंद यंत्रातून पायरी-पायरीने चालवली. दुसऱ्याच पायरीला तिचा हात थांबला. लागणीच्या महिन्याचा रकाना कोरा होता.

खोडवा म्हणजे तोडलेल्या उसाच्या बुडख्यांतून पुन्हा फुटून आलेला ऊस. तो कोणी लावीत नाही. नोंद घेणारा चिटबॉय भुजंग बावन्न वर्षांचा होता. पण हुद्द्यातला ‘बॉय’ त्याला जन्माचा चिकटलेला. त्याला बोलावले तेव्हा तो शांतपणे म्हणाला, “ताई, खोडव्याला लागण कसली? केलीच न्हाई तर लिवू काय?”

“मग मागच्या तोडणीचा महिना लिहायचा ना, मामा!”

“रकान्यात लागण लिवलंय. बावीस साल झाले मला नोंदी घेऊन. पहिलं कारकून तोंडी इचारायचा, ‘भुजंग, ह्यो कवाचा?’ मी सांगायचो. तुमच्या यंत्रानं कवा इचारलं?”

यात खोट काढायला जागा नव्हती. यंत्राने विचारले नव्हते. जुनी ‘बेसिक’ ही संगणकाची भाषा भिडस्त सुनेसारखी होती. एखाद्या नावाला तुम्ही किंमतच दिली नाही तर ती अडून बसत नसे, तक्रारही करीत नसे. मुकाट्याने शून्य धरी आणि गणित पुढे रेटी. मार्च १९९७ हा सत्त्याऐंशीवा महिना. सत्त्याऐंशीतून शून्य गेले. रहिमाबीचा ऊस सात वर्षे तीन महिन्यांचा ठरला आणि कधीच तुटून गेलेला म्हणून दर आठवड्याला गाळला गेला. कोठे ठेच नाही, आवाज नाही. उत्तर आले नसते तर कोणी तरी विचारले असते. इथे उत्तर येत होते, म्हणून कोणी विचारले नाही.

‘कोरे’ आणि ‘शून्य’ यांत फरक असतो हे तिला वर्गात शिकवले होते. परीक्षेत तिने ते लिहिलेही होते.

रहिमाबीला तिने खरे काय ते सांगितले. “चूक माझी आहे, चाची. तुमचा ऊस मागच्या वर्षी कोणत्या महिन्यात तुटला तेवढं सांगा.”

रहिमाबी तिच्याकडे पाहत राहिली. “तेच तर ठावं न्हाई.”

मागच्या वर्षी खाजा मियाचा पाय मोडला तेव्हा नवराबायको पाच महिने नांदेडला दवाखान्यात होते. शेत शिवहार नावाच्या माणसाला बटईने दिले होते. त्याने ऊस कारखान्याला न घालता गुऱ्हाळाला घातला, त्यामुळे कारखान्याच्या दप्तरात त्या तोडणीची नोंद नव्हती. शिवहार पुढे बिऱ्हाड घेऊन पुण्याकडे निघून गेला. त्याचा पत्ता कोणालाच माहीत नव्हता.

“शेजारी म्हणते संक्रांतीला तोडला. दुसरा म्हणतो, न्हाई, वैशाखात. तू काई बी टाक ना, बेटी. तू लिवशील तेच खरं.”

संक्रांत धरली तर चौदा महिने. ऊस यादीच्या अगदी वर. वैशाख धरला तर दहा. कोवळा, यंदा तोडायचाच नाही. मधल्या चार महिन्यांत रहिमाबीचा अख्खा उन्हाळा लटकला होता.

सत्यशीलाने काही टाकले नाही. तिने आधी यंत्रच दुरुस्त केले. वजाबाकी करण्यापूर्वी प्रत्येक नोंदीला तीन गोष्टी विचारायच्या: महिना दिला आहे का, जात दिली आहे का, लागण की खोडवा हे दिले आहे का. तिन्हींना होकार आला तरच गणित करायचे. नाही तर थांबायचे आणि कोणता डबा रिकामा आहे ते सांगायचे. अकरा ओळी लागल्या. दुपारी तिने ते चालू केले आणि तिसऱ्याच नोंदीवर यंत्र थांबले. ती नोंद बाजूला ठेवून पुढे गेली. सतराव्या नोंदीवर पुन्हा थांबले. संध्याकाळपर्यंत त्रेसष्ट नोंदी निघाल्या. म्हणजे रहिमाबी एकटी नव्हती. ती तेवढी उंबऱ्यापर्यंत आली होती.

शेतकी अधिकारी अमृतराव सरळ मनाचे, पण घाईचे गृहस्थ. टेबलाशी उभे राहूनच त्यांनी विचारले, “सत्यशीलाबाई, काल यादी निघत होती, आज का निघत नाही?”

“काल चुकीची निघत होती, साहेब.”

“निघत तर होती! टोळ्या गेटवर बसून राहिल्यात. त्यांना काय सांगू, यंत्र विचारात पडलंय म्हणून?”

“पूर्ण माहितीच्या नोंदींची यादी देते आत्ता. या त्रेसष्टांसाठी मला जीप आणि भुजंगमामा द्या. आठ दिवस.”

“कशाला? टाका बारा-तेरा महिने अंदाजानं.”

“मग तो अंदाज आहे हे यादीत दिसेल का?”

अमृतरावांनी चष्मा काढून पुसला. “तुम्हाला सासर मिळणं अवघड आहे,” ते म्हणाले आणि जीपच्या चिठ्ठीवर सही केली.

आठ दिवस ती दोघे फिरली. हळद शिजवण्याचे दिवस होते. गावागावाच्या कडेला कढया पेटलेल्या, सगळ्या हवेला तो पिवळा, ओलसर वास. लोकांकडे महिने नव्हते, पण खुणा होत्या. “नागनाथाच्या जत्रंच्या दुसऱ्या दिवशी.” “म्हस व्याली त्या हप्त्यात.” “आमच्या अंजलीच्या बारशाला टोळीवाले जेवायला व्हते की.” सत्यशीला प्रत्येक खूण उलटीसुलटी विचारून महिना पक्का करी, आणि मग दुसऱ्या कोणाला तरी विचारून तो पुन्हा तपाशी. एकदा भुजंग वैतागला. “ताई, बारशाची पत्रिका बी पाहाल का आता?”

“आहे का हो पत्रिका?” तिने त्या घरच्या बाईला विचारले, आणि बाई खरेच पत्रिका शोधायला आत गेली.

घरी ती जेवता जेवता उठे, पिशवीतली यादी काढून पाही आणि पुन्हा बसे. झोपेत आकडे पुटपुटते, असे आई शेजारणीला सांगे. ज्या याद्यांचा तिने मोठ्या ऐटीत पहिला छाप घेतला होता, त्यांच्याकडे तिला पाहवत नव्हते. दर आठवड्याला त्रेसष्ट माणसे त्या कागदांतून निसटत होती आणि कागद किती नीटनेटके दिसत होते!

एकोणीस तारखेपर्यंत बासष्ट नोंदी भरल्या. राहिली एक.

शिरड शहापूरला ती तीनदा जाऊन आली. संक्रांतवाला शेजारी आपल्या म्हणण्यावर ठाम होता, वैशाखवालाही ठाम होता. वर दोघांचे बांधावरून भांडण, त्यामुळे एकाने काही म्हटले की दुसरा उलट म्हणणारच. गुऱ्हाळवाल्याकडे कागद नव्हता. खाटेवरून खाजा मिया म्हणाला, “पोरी, लई तकलीफ घेतलीस. चौदा लिव अन् मोकळी हो. कोन इचारतंय?”

तेच तर होते. कोणी विचारणार नव्हते. चौदा लिहिले की अकरा ओळींची तपासणी समाधान पावेल, गणित होईल, रहिमाबीचे नाव वर जाईल. पण शेवटच्या दिवसांत टोळ्या मोजक्याच उरल्या होत्या. वर एक नाव घुसले की तळाचा एक फड उभा राहणार. ऊस खरेच दहा महिन्यांचा असेल तर कोवळ्या उसापायी कोणाचा तरी पिकलेला ऊस उन्हात जाईल. आणि चौदा महिन्यांचा असून तिने लिहिले नाही, तर रहिमाबीचा जाईल. दोन्हीकडे तिचाच हात.

वीस तारखेला शेवटची यादी छापायची होती. दुपारी तीनपर्यंत ती त्या एका कोऱ्या रकान्यासमोर बसली, उठली, बाहेर माठापर्यंत गेली, पाणी न पिताच परत आली. मग तिने यंत्राला आणखी चार ओळी लिहिल्या. प्रिंटर करकरत चालू झाला, आणि इंग्रजी लिपीतल्या मराठीत छापलेल्या यादीच्या अगदी वर, पहिल्या नावाच्याही आधी, एक वेगळी चौकट उमटली: रहिमाबी खाजा मिया, शिरड शहापूर, खोडवा. मागील तोडणी माहीत नाही. जाऊन पाहणे.

अमृतरावांनी ते वाचले. “हे काय? यंत्रच म्हणतं माहीत नाही? मग यंत्र घेतलं कशाला?”

“इतके दिवस त्याला माहीत नव्हतंच, साहेब. ते सांगत नव्हतं इतकंच.”

“आणि पाहायला कोण जाणार?”

“तुमची सही असेल तर भुजंगमामा. गोडी अठराच्या वर निघाली तर तोडायचा, खाली निघाली तर नाही. तुमचाच नियम आहे.”

त्यांनी सही केली, पण पेन जरा जोरातच ठेवला.

एकवीस तारखेला सकाळी शिरड शहापूरच्या शिवारात भुजंग, सत्यशीला, रहिमाबी आणि तिथे तळ ठोकलेल्या टोळीचा मुकादम पेमा बांधावर जमले. पेमाने यादीतली चौकट भुजंगकडून वाचून घेतली आणि तो खदखदून हसला. “कोन म्हनतंय माहीत न्हाई? उसाला माहीत हाय की! त्याला इचारा.” त्याने एक ऊस मोडला, बुडख्याकडचे कांडे चावले, मग शेंड्याकडचे. “पिकला ऊस दोन्हीकडून सारखा गोड लागतो, बाई. कवळा शेंड्याला पानचट.” तो तोंड हलवीत राहिला. “ह्यो बरा हाय.”

भुजंगने रसाचा थेंब गोडी मोजायच्या दुर्बिणीसारख्या नळीवर टाकून उजेडाकडे धरला. “एकोणीस!”

रहिमाबीने पदराने तोंड पुसले. “या अल्ला. लिव, लिव भाऊ.”

“थांबा, मामा,” सत्यशीला म्हणाली. “हा रस्त्याकडचा आहे. विहिरीकडच्या कोपऱ्यातला पाहू.”

“आता बस कर ना, बाई!” रहिमाबीचा आवाज चढला. “एकोणीस आलं ना? तुला आमचं भलं पाहवत न्हाई का?”

तळाच्या फडाचा मालक इथे नव्हता. असता तर त्यानेही असेच काही विचारले असते. सत्यशीला पाचटातून विहिरीकडे चालू लागली. कोपऱ्यातल्या उसाचा रस काढला, भुजंगने नळी डोळ्याला लावली.

“किती?”

“सतरा.”

पेमा पाचट पायाने सारीत राहिला. रहिमाबी बांधावर बसली.

“मधला पाहा,” सत्यशीला म्हणाली. तिचा आवाज तिलाच परका वाटला. ती उसात शिरली. पात्यांनी हात कापले. फडाच्या मधोमध जाऊन तिने स्वतः ऊस मोडला आणि बाहेर आणून भुजंगच्या हातात दिला. त्याने नळी पुसली, थेंब टाकला, पाहिले; आणि पुन्हा पुसून पुन्हा पाहिले.

“एकोणीस, ताई. चांगले एकोणीस.”

“तिन्ही लिहा. सतराही लिहा.”

“सरासरी अठराच्या वर जाती,” भुजंग लिहिता लिहिता म्हणाला. “झालं, भाभी. तोडा.”

दुसऱ्या दिवशी पेमाची टोळी फडात शिरली. सत्यशीला जीपने तिथे आली होती. कारण काही नव्हते, निमित्त म्हणून तिने नोंदींची पिशवी घेतली होती. विहिरीकडचा ऊस हलका भरत होता, रस्त्याकडचा वजनाला जड. रहिमाबी बायांबरोबर मोळ्या बांधीत होती. तिने एकदा मान वर करून पाहिले आणि रागाने नाही, पण हसूनही नाही, म्हणाली, “तू लई हट्टी हायेस. तुझी माय कशी राहती तुझ्याजवळ?”

“तीही हेच विचारते, चाची.”

“ये कवा घरी. आज न्हाई, आज कामं हायेत.” आणि ती पुन्हा मोळीकडे वळली.

दुपारी पहिली ट्रॉली भरून निघाली. सत्यशीलाने रहिमाबीच्या नोंदीच्या कार्डावर, लागणीच्या रकान्यावर काट मारून, पुढच्या हंगामासाठी “मागची तोडणी: मार्च १९९७” असे लिहिले आणि ते खाजा मियाच्या खाटेजवळ देऊन ती परतीला निघाली. जिवाला बरे वाटायला हवे होते. वाटत नव्हते. ही बाई उंबऱ्याशी आली नसती तर, या एका विचाराचे टोक तिला सापडत नव्हते.

वसमतच्या रस्त्याला दोन्ही बाजूंना तोडलेल्या उसाची पाचटे, मधूनच एखादा उभा फड. ती खिडकीतून पाहत होती.

“मामा, हा कुणाचा?”

“जिवनबाईचा. उद्या तुटतोय. यादीत हाय.”

“आणि तो?”

“त्यो बेण्यासाठी राखलाय.”

“तो पलीकडचा? बाभळीमागचा?”

भुजंगने मान बाहेर काढून पाहिले. ऊस उंच होता, काही शेंड्यांवर तुरे आलेले. “त्यो... त्यो नेमका कुणाचा, ताई... आता ध्यानात येईना.”

“यादीत आहे?”

“माहीत न्हाई बा.”

“जीप थांबवा.”

“ताई, तीन दिवसांनी पट्टा पडून राहिला! आता कुठं...”

चालकाने वेग कमी केला होता. जीप पुरती थांबण्याआधीच सत्यशीला खाली उतरली आणि हातातली यादी उलगडत बाभळीच्या दिशेने निघाली.